भोंगा कोणी धरायचा

मी सुनंदा, नागपूरची, इंदोऱ्याची, हे आधीच सांगून ठेवते ताई, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई इतकी वर्षं सिंगापुरात राहून राहिली अन् बोलते कशी. आमच्याकडे असंच बोलतात. बाबा फॅक्टरीत फिटर होते, आई शाळेत शिकवायची, आम्ही चौघी बहिणी, चौघींना शिकवलं, मी केमिस्ट्रीत एमएस्सी केलं. खेळाबिळाचं विचाराल तर लंगडी, अन् तीही दहावीपर्यंत. पुढे लग्न झालं, मिलिंद इंजिनीअर, त्याला इकडे चिप बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली, मग आम्ही आलो, चोआ चू कांगला फ्लॅट घेतला, मला एका लॅबमध्ये पाणी तपासायचं काम मिळालं. नळाचं पाणी, टाकीचं पाणी, पोहण्याच्या तलावाचं पाणी. जे रीडिंग आलं ते लिहायचं, इकडचं तिकडे करायचं नाही, हे काम मी वीस वर्षं करून राहिली. आता तुम्ही म्हणाल याचा बेसबॉलशी काय संबंध. सांगते ना, थोडा दम धरा.

तर ही लीग. लोकांना वाटतं कोणी मोठ्या साहेबाने काढली असेल, ऑफिस असेल, बोर्ड असेल. काही नाही बाप्पा, आठ-नऊ घरचे मायबाप, बस. मिलिंदच्या कंपनीत लिन म्हणून एक तैवानचा माणूस होता, अगदी साधा, अन् त्याच्या शेजारी एक ग्रेग राहायचा, अमेरिकन, बँकेतला, बुकित तिमाहच्या काँडोत, म्हणजे पैसेवाल्यांच्या सोसायटीत. या दोघांची पोरं घरात बसून बसून टीव्ही पाहायची, म्हणून हे दोघं शनिवारी पोरांना घेऊन तिकडच्याच एका शाळेच्या मैदानावर जाऊ लागले. मैदान कसलं, गवत अन् मुंग्या. दोन हजार एक की दोनचं साल असेल. लिनने मिलिंदला म्हटलं, तू क्रिकेटवाला आहेस ना, ये मदतीला. मिलिंद गेला अन् जाताना आमच्या पोरीला घेऊन गेला. संघमित्रा तिचं नाव, आम्ही मित्रा म्हणतो. आठ वर्षांची होती. त्या पोरीचा नेम भल्ला चांगला, भिंतीवरच्या पालीला चप्पल मारायची तर पालीच्या शेपटीला लागायची, डोक्याला नाही, कारण तिला पालीची दया येई. लिनने तिला एकदा चेंडू फेकताना पाहिलं अन् म्हणाला, ही पिचर होणार. पिचर म्हणजे जो मधे उभा राहून चेंडू टाकतो तो. मला तर तेव्हा बेस म्हणजे काय तेही माहीत नव्हतं.

मग दुसऱ्या वर्षी तीस-चाळीस पोरं झाली, अन् ग्रेगने फॉर्म काढला. या फॉर्मनेच माझा घात केला, काय सांगू तुम्हाला. नियम असा, की ज्याचं पोर खेळणार त्या घरच्या एकाने तरी काम घ्यायचं, फुकटात पोर सोडून शॉपिंगला जायचं नाही. फॉर्मवर चौकोन होते, कोचिंग, अंपायरिंग, मैदानावर रेघा मारणं, पाणी अन् संत्री आणणं, अन् सगळ्यात खाली एक, सेफ्टी. मी विचार केला, कोचिंग आपल्याला येत नाही, रेघा मारायला कोण उन्हात जाईल, संत्री आणायची तर चोआ चू कांगहून बस, मग एमआरटी म्हणजे मेट्रो, मग पुन्हा बस, एवढं ओझं. सेफ्टी म्हणजे कोणाचा गुडघा फुटला तर पट्टी लावायची, डेटॉल आपल्या घरात आहेच. टिक केलं. पुढच्या शनिवारी ग्रेगने माझ्या हातात एक डबा दिला, वर लाल तोंडाचा भोंगा, बोटीवर असतो ना गॅसचा, तसला. म्हणाला, यू आर लाइटनिंग. मी म्हटलं, मी काय आहे?

तर काम हे होतं. इथे वीज किती पडते तुम्हाला माहीत आहे, दुपारचे तीन वाजले की आभाळ असं काळं होतं की घरात लाइट लावावा लागतो. अन् बेसबॉल म्हणजे उघडं मैदान, हातात ॲल्युमिनियमची बॅट, चारी बाजूंनी लोखंडी जाळी. म्हणून एका माणसाने खेळ सोडून आभाळाकडे पाहत बसायचं. वीज चमकली की मोजायला लागायचं, एक, दोन, तीन, अन् तिसाच्या आत गडगडलं की भोंगा वाजवायचा. भोंगा वाजला की सगळ्यांनी, म्हणजे सगळ्यांनी, शाळेच्या इमारतीत पळायचं, अन् शेवटचं गडगडल्यापासून अर्धा तास बाहेर यायचं नाही. मी मनातल्या मनात मराठीत मोजायची, कारण इंग्रजीत मोजलं की माझं लवकर होतं.

अन् मग सुरू झाला तो छळ. ताई, मी तुम्हाला खरं सांगते, माणसं एरवी किती शहाणी असतात, डॉक्टर आहेत, बँकवाले आहेत, एक बाई तर विमानाची इंजिनं तपासायची, पण त्यांचं पोर बॅटिंगला उभं राहिलं की अक्कल घरी. मी भोंगा वाजवला की सगळे बाप माझ्याकडे असे पाहत की मीच ते ढग घेऊन आली. आंटी, वन मोअर बॉल. आंटी, दॅट वन इज व्हेरी फार. आंटी, तो मलेशियात चमकला, इकडे नाही. एकाने तर मला समजावलं की पलीकडे उंच बिल्डिंग आहे, वीज तिच्यावर पडेल, म्हणजे काय, बिल्डिंगवाल्यांनी मरावं? मी कोणाचं ऐकायची नाही. वाजवायची म्हणजे वाजवायची. पहिल्याच सीझनमध्ये अकरा मॅच अर्ध्यावर बंद पाडल्या. मग ईमेल. त्या ईमेल वाचल्या असत्या तुम्ही. एकाने लिहिलं की काही व्हॉलंटिअर फार उत्साही आहेत. नाव नाही घेतलं, पण व्हॉलंटिअर लाइटनिंगची एकच होती.

त्यात आमचे पेंडसे. पेंडसे म्हणजे दादरचे, इथे एका मोठ्या फर्ममध्ये, पोरगा खेळायचा अन् स्वतः अंपायर. माणूस मनाने वाईट नाही, पण नियमाचं पुस्तक घेऊन झोपणारा. मला म्हणायचे, वहिनी, तुम्ही ढग बघितला की भोंगा दाबता, जरा वीज तरी पडू द्या. अन् सगळे हसायचे. मिलिंदही हसायचा, तो माझा नवरा. घरी येताना एमआरटीत मी त्याला म्हटलं, तू काहून हसला? तर म्हणे, अगं गंमत होती. मिलिंदचं काय सांगू, तो पोरांना सरळ बॅटने खेळायला शिकवायचा, लिन डोकं धरून बसायचा, मिलिंद, नो कव्हर ड्राइव्ह, प्लीज. दोन वर्षं गेली तेव्हा कुठे त्याच्या डोक्यातून क्रिकेट निघालं.

अन् मॅच सतत अर्ध्यावर बंद पडायला लागल्या म्हणून याच पेंडशांनी नियम करून घेतला, तो नीट ऐका, पुढे लागेल. मॅच सहा डावांची, एका डावात दोन्ही टीमची एकेकदा बॅटिंग. पाच वाजता मैदान सोडावं लागे, शाळेचा वॉचमन किल्ली वाजवत यायचा, एक मिनिट जास्त नाही. तर पेंडसे म्हणाले, वीज आली अन् वेळ संपली तर जो डाव अर्धा राहिला तो धरायचाच नाही. मागचा पूर्ण झालेला डाव पाहायचा, त्यात जो पुढे तो जिंकला. मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना हलवल्या, मीही हलवली. सोपा होता ना नियम.

सार्सची साथ आली त्या वर्षी तर सगळंच बंद होतं, शाळा बंद, मैदान बंद, पोरांचं रोज टेम्परेचर घ्या अन् वहीत लिहा. मला वाटलं संपली लीग. पण उघडल्यावर दुप्पट पोट्टे आले, घरात कोंडून कोंडून वैतागले होते सगळे. पासिर रिसहून येणारे होते, एवढ्या लांबून, दीड तास. त्यातच आली मेई लिन, आमच्या त्या लिनची कोणी नाही, नावच तसं. चिनी पोरगी, मित्राच्या वयाची, चष्मा, दात पुढे, पळायला हरीण. ती लांब मागे उभी राहायची, झेल घ्यायला, अन् मित्रा चेंडू टाकायची. दोघींचं असं जमलं की शुक्रवारी ती आमच्याकडे झोपायला, वरणभात खायची, तिखट मागून खायची. तिची आई, मिसेस टॅन, एका क्लिनिकमध्ये नर्स होती, फार बोलायची नाही. नवरा नव्हता, का नव्हता ते मी कधी विचारलं नाही. एकच पोर तिला.

आता मित्राचं सांगते. पोट्टी मोठी व्हायला लागली तशी तिला माझी लाज वाटायला लागली. पोरं मला थंडर आंटी म्हणायची. तोंडावर नाही, पण मला ऐकू यायचं. कधी हिची टीम जिंकत आली की मी भोंगा वाजवायची अन् मॅच गेली. असं तीनदा झालं, तीनदा ताई. तिसऱ्यांदा तिने घरी येऊन बूट फेकले, म्हणाली, मम्मी, व्हाय मस्ट बी यू? यू कॅनॉट जस्ट कट ऑरेंजेस लाइक नॉर्मल मदर्स, अह? मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते, आमच्या घरी असंच आहे, सगळ्यांच्याच घरी असंच आहे. मी म्हटलं, बेटा, वीज काय मी पाडते का? ती म्हणाली, नो, यू जस्ट एन्जॉय. हे लागलं मला. कारण खोटं नव्हतं ते पूर्ण. सगळे बाप माझ्या एका बोटावर पळतात याचं थोडं बरं वाटायचंच मला, नाही कशाला म्हणू.

बाराव्या वर्षी तिचा शेवटचा सीझन, वयाची अट होती. त्याच वर्षी प्रायमरी सिक्सची परीक्षा, इकडे सहावीलाच बोर्डासारखी असते, बाकीच्यांनी पोरं काढून घेतली, ट्यूशन, ट्यूशन. मी अन् मिलिंद भांडलो, शेवटी ठरलं की खेळू दे, पण अभ्यास करून. ती पहाटे पाचला उठून गणितं सोडवायची, त्या फायनलसाठी. फायनलपर्यंत आली टीम. अन् मी मनात ठरवलं होतं की आज काही झालं तरी पोरीने माझ्याकडे बघून हसावं. एवढंच. दुसरं काही नको होतं मला.

आता जे सांगते ते नीट लिहा. पाच डाव पूर्ण झाले तेव्हा समोरची टीम एकाने पुढे होती. सहाव्यात आमच्यांनी आधी बॅटिंग केली, दोन रन काढले, म्हणजे आता आमचे एकाने पुढे. राहिली समोरच्यांची शेवटची बॅटिंग. मित्रा चेंडू टाकून राहिली. दोन आउट केले, तिसरा झाला की डाव खलास. तिसऱ्याचे दोन स्ट्राइक झाले. म्हणजे फक्त एक चेंडू, एक चेंडू नीट पडला की जिंकलो. घड्याळात पावणेपाच. लोक ओरडून राहिले, मिलिंदने तर डोळे मिटून घेतले होते. अन् शाळेच्या इमारतीमागे आभाळात चमकलं.

मी मोजलं. सवयीने मोजलंच. अठराला गडगडलं. हळू गडगडलं, लोकांच्या आरडाओरड्यात कोणाला ऐकू आलं नाही. अन् कोणी ऐकून घेत पण नव्हतं, का सांगू, आभाळाकडे पाहायचं काम माझं होतं ना, म्हणून बाकी कोणी पाहत नव्हतं. इतकी वर्षं मीच त्यांना ती सवय लावली होती. माझा अंगठा भोंग्यावर. वाजवला की खेळ थांबणार, पाच वाजता मैदान बंद, मग पेंडशांचा नियम, मागचा डाव धरा, पोट्टी हरली. मी हे सगळं तेवढ्यात मोजलं.

पण एका माणसाने पाहिलं होतं. मित्राने. ती चमक तिच्या समोरच होती. ती थांबली. चेंडू हातात, अन् माझ्याकडे पाहिलं. म्हणजे ती थांबायला तयार होती, ऐकता का ताई, माझी पोरगी थांबली होती, भोंग्याची वाट पाहून राहिली होती. अन् मी, तिच्या मायने, हाताने असं केलं. टाक म्हणून.

तिने टाकला. त्या पोराने बॅट लावली, चेंडू बाजूला बाहेर गेला, तो धरत नाहीत. पुन्हा टाकला, तो लांबून गेला. किती वेळ झाला असेल? मिनिट, दीड मिनिट. तिसरा टाकला अन् मैदानाच्या टोकाला जे मोठं झाड होतं त्याच्यावर पडली. आवाज कसा होता ते मला सांगता येत नाही. कान बंद झाले. पेंडसे जमिनीवर आडवे, अंपायरचा जाळीचा मास्क तोंडावर, बॅटर एकीकडे बॅट एकीकडे. अन् लांब, झाडाच्या बाजूला, मेई लिन खाली पडलेली. मी तेव्हा भोंगा दाबला. दाबून धरला, सोडेच ना, ग्रेगने माझ्या हातातून काढला.

जिवंत होती. लगेच सांगून टाकते, जिवंत होती, आता छान आहे. लिन पळत गेला, उचलून आणलं, शुद्धीवर होती पण डोळे भिरभिरे, अन् डाव्या कानाने काही ऐकू येत नाही म्हणाली. अँब्युलन्स आली. तीन दिवस हॉस्पिटलात ठेवलं, आठवड्याभरात कान परत आला. डॉक्टर म्हणाले झाडापासून लांब होती म्हणून वाचली, वीज जमिनीतून थोडी गेली तिच्यापर्यंत. थोडी. थोडी म्हणे.

अन् आता आमच्या लीगचे लोक बघा. चार दिवस झाले नाहीत तर ईमेल सुरू, शेवटचा चेंडू स्ट्राइक होता की नाही. मेई लिन अजून एका कानाने ऐकून राहिली अन् इकडे बावीस ईमेल, मी मोजले, बावीस. एक म्हणे चेंडू पोचण्याआधी वीज पडली, एक म्हणे नंतर. पेंडशांनी लिहिलं की अंपायर म्हणून मी त्या क्षणी जमिनीवर होतो, सबब निर्णय देऊ शकत नाही. सबब! मला इतका राग आला की कॉम्प्युटर बंद करून टाकला. अन् त्या सगळ्या ईमेलच्या खाली एकेक ओळ असायची, थँक यू सुनंदा फॉर द क्विक हॉर्न. तो राग माझ्यावरच होता, तुम्हाला कळतंय ना.

मित्रा बोलत नव्हती. शाळेत जायची, यायची, खोलीत. मी म्हटलं रागावली असेल माझ्यावर, रागावू दे. दहाव्या दिवशी मिसेस टॅन घरी आली. येताना पांदान केक आणला. सोफ्यावर बसली, अगदी टोकाला, अन् मला म्हणाली, मी नर्स आहे, मला माहीत आहे एका मिनिटाने काय होतं ते, तू लगेच वाजवला म्हणून सगळी पोरं इमारतीत गेली, दुसरी वीज पडली असती तर. अन् तिने माझा हात धरला. ही बाई कधी कोणाचा हात धरत नाही. मित्रा दारात उभी राहून ऐकत होती. मी काय केलं माहीत आहे? मी म्हटलं, चहा घेणार? बस. एवढंच निघालं तोंडातून.

ती गेली अन् मी मित्राच्या खोलीत गेले. ती भिंतीकडे तोंड करून. मी म्हटलं, तू माझ्यावर चिडली आहेस ना, बोल ना काहीतरी. तर ती म्हणाली, आय थ्रू द बॉल. मी म्हटलं काय? म्हणाली, आय सॉ इट, मम्मी. आय सॉ अँड आय स्टिल थ्रो. तीन बॉल. मेई लिनला मी पाडलं. अहो, बारा वर्षांचं पोर दहा दिवस हे घेऊन झोपून राहिलं होतं. मला वाटत होतं ती मला दोष देऊन राहिली, अन् ती तर स्वतःला देऊन राहिली होती. मी म्हटलं, बेटा, मी हात केला, तू नाही. मी तुझी माय आहे, मी मोठी आहे, भोंगा माझ्या हातात होता. ती म्हणाली, देन हाऊ कम यू नेव्हर टेल हर? मी त्या रात्री जेवले नाही.

सीझन संपल्यावर मीटिंग असायची, ग्रेगच्या काँडोच्या हॉलमध्ये. विषय काय, ट्रॉफी कोणाला. चाळीस माणसं. मी मिलिंदला सांगितलं होतं, तो म्हणाला, विचार कर, कदाचित तुला कोर्टातबिर्टात खेचतील. पण माझ्याबरोबर आला, माझ्या शेजारी बसला, हे त्याचं लिहा. मी मित्रालाही नेलं. पोरांना मीटिंगला आणत नाहीत, पण मी नेलं. अन् उभी राहिले. माझं इंग्रजी लॅबचं, रिपोर्टसारखं. मी रिपोर्टसारखंच सांगितलं. पहिली चमक पावणेपाचला, आवाज अठराला, मी वाजवला नाही, पोरीने थांबून माझ्याकडे पाहिलं, मी तिला टाकायचा इशारा केला, त्यानंतर तीन चेंडू, कारण मला माझी पोरगी जिंकायला पाहिजे होती. बस. खाली बसले.

मग पेंडसे हळूच मराठीत म्हणाले, वहिनी, आता हे कशाला काढलंत? ग्रेग म्हणाला, एनी ऑफ अस वुड हॅव. अन् सगळे माना हलवायला लागले, हो हो, कोणाच्याही हातून झालं असतं. मला बरं नाही वाटलं त्याने. मी म्हटलं, मग हा भोंगा घ्या कोणीतरी, मी धरणार नाही. अन् ताई, चाळीस माणसं आपापले बूट पाहायला लागली. एक माणूस घेईना! मला माफ करायला चाळीस तयार, डबा धरायला एक नाही. लिनलासुद्धा खोकला आला.

मिसेस टॅन मागे बसली होती. ती उठली. माझ्याकडे पाहिलं नाही तिने, ग्रेगकडे पाहून बोलली, सावकाश, एकेक शब्द. म्हणाली, ती चांगलं पाहते. दहातून नऊ वेळा बरोबर पाहते. पण पोर आत असलं की आई पाहू शकत नाही, मी पण पाहू शकणार नाही. रूल असा करा, ज्याचं पोर त्या मॅचमध्ये आत आहे त्याने भोंगा धरायचा नाही. अन् बसली. केस नाही केली तिने, ओरडली नाही, काही नाही. नंतर माझ्याशी सात महिने बोलली नाही. ट्रॉफीचं काय झालं विचारता? अर्धं वर्ष एका टीमकडे, अर्धं दुसरीकडे. त्यावरही भांडले.

अन् हा नियम तुम्हाला वाटतं सोपा आहे? अहो, ज्याचं पोर आत नाही तो माणूस शनिवारी दुपारी उन्हात येईल कशाला! सगळा वेळापत्रकाचा विचका. आधीच्या मॅचवाल्याने नंतरच्या मॅचला थांबायचं, तर त्याचं पोर भुकेलं, ट्यूशनला उशीर. याने त्याच्यासाठी धरायचा, त्याने याच्यासाठी, अन् ऐनवेळी फोन, सॉरी, ताप आला. मॅच सुरू व्हायला तासतास उशीर, कारण भोंगेवाला नाही. पेंडशांनी तर तक्ता केला, रंगीत, त्यातही स्वतःचं नाव दोनदाच. शेवटी ग्रेगचा फोन आला. मित्राचं वय संपलं होतं, ती आता खेळत नव्हती. म्हणाला, सुनंदा, तू एकटीच आहेस जिचं पोर कुठल्याच मॅचमध्ये नाही. मी म्हटलं, हो, म्हणून तर मी घरी आहे! मित्रा समोर सेकंडरीचा अभ्यास करून राहिली होती. वर न पाहता म्हणाली, गो लाह, मम्मी. आता तुझं कोणी आत नाही.

तेव्हापासून जाते. पाऊस असो, ऊन असो. मिलिंद म्हणतो, आपलं पोर खेळत नाही अन् तू काहून जाते, मी म्हणते तू ये माझ्या जागी, तर टीव्ही लावून बसतो. ग्रेग अमेरिकेला परत गेला, लिन तैवानला, पेंडसे इथेच आहेत, आता सिटिझन झाले, अजून पुस्तक घेऊन येतात. मैदान दोनदा बदललं. नवीन बाप येतात, तेच ते, आंटी, वन मोअर बॉल. त्यांना काही माहीत नाही अन् मी सांगतही नाही. मी दाबते. द्या शिव्या.

अन् मिसेस टॅन येते. एक दिवस अशीच आली, मेई लिनही तेव्हा खेळत नव्हती, माझ्या शेजारी पायरीवर बसली, पिशवीतून वाफवलेले पाव काढले, एक मला दिला. तेव्हापासून दर शनिवारी. ती चिनीत मोजते, मी मराठीत, अन् तिचं नेहमी माझ्या आधी होतं, त्यावरून आमची कुरबुर चालते, मी म्हणते तू घाईत मोजते, ती म्हणते तू झोपून मोजते. मला सोबत म्हणून येते की माझ्यावर लक्ष ठेवायला येते, मी कधी विचारलं नाही. दोन्ही असलं तरी चालेल मला. मित्रा अन् मेई लिन फोनवर तासतास बोलतात, काय बोलतात कोणाला ठाऊक.

पोट्टे सुखरूप घरी जावोत, त्यांच्या मायबापांना थोडी अक्कल येवो, आणखी काय मागायचं. परवाची फायनल झाली तेव्हा मिलिंदने विचारलं, कोण जिंकलं? मी म्हटलं, मला काय माहीत बाप्पा, मी वर पाहून राहिली होती.